कृष्णद्रव्याची घडी बसते तरी कशी?

गरम दुधात गार दूध ओतलं की थोड्याच वेळात सगळं कोमट होतं. कण एकमेकांवर आपटतात, ऊर्जा वाटून घेतात. दीर्घिकांना वेढून असलेल्या कृष्णद्रव्याला ही सोय नाही. त्याचे कण एकमेकांना जवळपास धडकतच नाहीत. तरी त्याची घडी बसते.

या अदृश्य द्रव्याची चाहूल खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३मध्ये लागली. कोमा समूहातल्या दीर्घिका इतक्या वेगानं पळत होत्या, की दिसणारं वस्तुमान त्यांना बांधून ठेवायला अपुरं होतं. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांच्या १९७०च्या देवयानी दीर्घिकेच्या मोजणीनं ही शंका बळावली.

घडीचं कोडं डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६७मध्ये सोडवलं, तेही ताऱ्यांसाठी. लंबवर्तुळाकार दीर्घिकांतले तारे विश्वाच्या साऱ्या वयातही एकमेकांच्या ओढीनं स्थिरावू शकत नाहीत. मग त्या दीर्घिका इतक्या नेटक्या कशा? उत्तर सामूहिक गुरुत्वाकर्षणात होतं. द्रव्य कोसळताना गुरुत्वाकर्षणाचा खड्डा सतत खोल-उथळ होत राहतो. खड्डा खोल असताना एखादा कण आत उतरतो आणि उथळ झाल्यावर चढून येतो. तो ऊर्जा कमावून दूर जातो. ज्याला उलटं वेळापत्रक मिळतं, तो ऊर्जा गमावून केंद्राजवळ अडकतो. टक्कर एकही नाही, पण वाटणी होते. कण जड की हलका, याला इथं महत्त्व नाही, म्हणून हीच वाट कृष्णद्रव्यालाही लागू पडते. या खळबळीला ‘व्हायोलंट रिलॅक्सेशन’ म्हणतात.

काही हेलकाव्यांत खड्डा स्थिर होतो. त्यानंतरही कण थांबत नाहीत. त्यांची एकूण गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या निम्मी राहते, एवढाच हा समतोल. खगोलशास्त्रात हाच ‘व्हिरियल’ समतोल. नव्वदच्या दशकात नवारो, फ्रेंक आणि व्हाइट या खगोलशास्त्रज्ञांच्या संगणकीय प्रारूपांत कृष्णद्रव्याच्या लहान-मोठ्या सगळ्या गोळ्यांची, म्हणजे प्रभामंडलांची, घनता केंद्रापासून बाहेर जवळपास एकाच पद्धतीनं घटताना दिसली. गुरुत्वाकर्षणानं बांधलेल्या अशा समूहांच्या सांख्यिकीवर पुढे पुण्याच्या ‘आयुका’त गेलेले थानू पद्मनाभन यांनी १९९०मध्ये विस्तृत आढावा लिहिला.

मात्र खळबळ लवकर शमते, सरमिसळ अर्धवट राहते. म्हणून प्रभामंडल आपला भूतकाळ पुरता विसरत नाही. आपली आकाशगंगा आजही धनु बटुदीर्घिकेला ओरबाडून आपल्यात सामावून घेते आहे. आकाशगंगेची घडी बसली आहे, पण कायमची नाही.