कातणे, कातवणे आणि ‘स्पिन’

इंग्रजीतील ‘स्पिन’ हे क्रियापद आज बहुधा क्रिकेटच्या समालोचनात किंवा राजकीय चर्चेत कानी पडते. चेंडू वळवणे आणि बातमीला सोयीचे वळण देणे, दोन्हींना तोच शब्द पुरतो. मूळ अर्थ मात्र सूत काढणे एवढाच. त्याच्या मुळाशी असलेला प्राचीन धातू ओढणे, ताणणे या अर्थाचा. गरगर फिरणे हा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. सूत काढून पोट भरणाऱ्या स्त्रीला ‘स्पिन्स्टर’ म्हणत. पुढे कायद्याच्या कागदपत्रांत तो शब्द अविवाहितेचा वाचक झाला व अखेरीस हिणवण्याच्या कामी आला. खलाशांच्या बोलीत सूत काढणे म्हणजे लांबण लावून गोष्ट सांगणे ठरले, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेच्या निवडणुकीत ‘स्पिन डॉक्टर’ अवतरला.

मराठी ‘कातणे’ इतके भरकटले नाही. संस्कृत ‘कृत्’ धातूला कापणे आणि कातणे असे दोन्ही अर्थ आहेत. ‘कातरणे’ आणि ‘कातणे’ ही त्याचीच संतती. सुताराच्या चरकावरील कामाला ‘कातकाम’ म्हणतात व त्यावरून ‘कातीव’ हे रेखीवपणाचे विशेषण निघाले. बडबडीचा आळ आला तो क्रियापदावर नव्हे, बिचाऱ्या टकळीवर.

या क्रियापदाची खरी परीक्षा झाली ती गांधीयुगात. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना आपण चरखा वा हातमाग पाहिल्याचे स्मरत नाही, अशी कबुली गांधीजींनी पुढे आत्मकथेत दिली. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट घातली; परंतु ज्याला कातण्याची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याचे सूत द्यावे, अशी पळवाटही त्यातच होती. वैयाकरण ज्याला प्रयोजक रूप म्हणतात तेच येथे राजकारणात उतरले. नेत्यांनी ‘कातणे’ स्वीकारले ते ‘कातवणे’ म्हणून! वर्षभरातच, १९२५ मध्ये, ती अट सैल करावी लागली आणि चरखा संघ वेगळा स्थापन झाला.

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले व १९३६ मध्ये सेवाग्रामला राहू लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीच्या योजनेत टकळी शाळेत शिरली. सुताचे तार मोजताना गणित आणि कापसाच्या निमित्ताने भूगोल शिकवावा, ही कल्पना. कातणे येथे शिकण्याचे साधन बनले. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी चरखा संघाच्या कार्यकर्त्यांपुढे मांडले ते याहून कठोर होते: नुसते कातू नका, समजून उमजून काता. हातांची हालचाल राहून अर्थ निघून जातो, हे त्यांनी वीस वर्षांच्या चळवळीत पाहिले होते. शब्दाच्या क्षयाचे याहून नेमके निदान कोशकारालाही साधले नसते.

वर्धा हा आजही कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या बाजारात कापूस येतो, जिनिंगमध्ये सरकी निघते, गाठी बांधल्या जातात. सरकारी कागदावर ‘सूतकताई’ हे हिंदी वळणाचे रूप रुळले आहे. शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र वेचणे आहे, मोजणे आहे, विकणे आहे. कातण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.