मागावर चिकटविलेले पान

कापडगिरणी म्हटली की मुंबईकरांना परळ-लालबाग आठवते आणि इंदूरच्या जुन्या मराठी कुटुंबांना मालवा मिलचा भोंगा. दोन्हीकडे मागावर उभा दिसे तो बहुधा पुरुषच. स्त्रियांच्या वाट्याला सूत गुंडाळण्याची खाती येत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावी मात्र १८२० नंतर ज्या गिरण्या निघाल्या, त्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुलींच्या बळावर चालल्या. कॅथरीन पॅटरसन यांची ‘लिडी’ ही १९९१ सालची कादंबरी या मुलींची आहे. ती किशोरांसाठी लिहिलेली म्हणून थोरांनी तिच्याकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते.

लिडी व्हरमाँटच्या डोंगरातली, कथेच्या आरंभी, १८४३ साली, तेरा वर्षांची. बाप पश्चिमेकडे निघून गेलेला, शेतावर कर्ज. आई तिला वाटसरूंच्या खाणावळीत कामाला ठेवते. तेथून ती लोवेल गाठते. कर्ज फेडून शेत सोडवायचे, या एका ध्यासापायी ती पैशाला पैसा जोडते, आणि अधिकाधिक माग अंगावर घेते.

या कादंबरीचे बळ तिच्या तपशिलात आहे. उन्हाळ्यात पहाटे पाचला काम सुरू होई ते सायंकाळी सातला सुटे. मध्ये न्याहारीला अर्धा तास, जेवणाला पाऊण तास. सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद. धोट्याच्या छिद्रातून सूत ओठांनी ओढून घ्यावे लागे, आणि एकीचा खोकला दुसरीच्या छातीत जाई. लिडी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची पाने मागावर चिकटवून वाचायला शिकते. ही लेखिकेची निव्वळ कल्पना नव्हे. गिरणीत पुस्तकाला बंदी असताना खिडकीशी कात्रणे चिकटविणाऱ्या मुलींची हकीकत ल्यूसी लार्कम या एकेकाळच्या गिरणी-कामगार बाईंनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ‘लोवेल ऑफरिंग’ हे मासिक तर १८४० ते १८४५ या काळात या मुलींच्या लेखणीवरच चालले. आपल्या गिरण्यांतल्या बायकांना अक्षरओळखच दुर्मीळ. त्यांच्यावर लिहिले ते इतरांनी.

मुकादम मात्र लेखिकेने फारच काळा रंगविला आहे. ब्रिजिड या आयरिश मुलीशी त्याने लगट करताच लिडी त्याच्या डोक्यावर पाण्याची बादली उपडी करते, आणि अनीतीचा ठपका घेऊन बडतर्फ होते. त्या ठपक्याचा इंग्रजी शब्दही तिला ठाऊक नसतो.

आम्हांस अधिक बोचला तो अर्जाचा प्रसंग. १८४५ साली सेरा बॅग्ली यांच्या पुढाकाराने दहा तासांच्या दिवसासाठी कायदेमंडळाकडे अर्ज गेले. ही खरी घटना. लिडी नोकरी जाईल या भीतीने सही टाळत राहते. मन घट्ट करून ती जाते, तेव्हा अर्ज रवाना झालेला असतो. चौकशी समितीने साक्षी घेतल्या आणि कायदा करण्यास नकार दिला. स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये झाला तो १८७४ साली. लिडी तोवर चव्वेचाळीस वर्षांची झाली असती.