किल्ली कोणाच्या हातात?

मुलांनो, शाळेच्या हस्तलिखितासाठी तुम्ही कधी लेख लिहिला आहे का? समजा, वर्गातील चार मुली मिळून एक लेख लिहीत आहेत. वही एकच आहे. आज एकीने ती घरी नेली, तर बाकीच्या तिघींना उद्यापर्यंत गप्प बसावे लागते. म्हणून त्या वहीच्या चार नकला करतात. आता चौघी एकाच वेळी लिहू लागतात. पण आठ दिवसांनी चार वह्यांत चार निरनिराळे लेख तयार होतात! त्यांतला खरा कोणता मानायचा? कोणते वाक्य कोणी खोडले? का खोडले? आणि खोडलेले वाक्यच चांगले होते असे नंतर वाटले, तर ते परत कोठून आणायचे?

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या लोकांपुढे हीच अडचण रोज उभी असते. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणारा मजकूर. मोठी आज्ञावली लाखो ओळींची असते आणि ती शेकडो माणसे मिळून लिहितात. तिच्यात एक चिन्ह चुकले तरी सारे काम अडू शकते. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते. बदल कोणी केला, केव्हा केला, कोणता केला आणि का केला, हे त्या नोंदीत असते. चूक झाली तर कालच्या किंवा गेल्या वर्षीच्या मजकुराकडे परत जाता येते. या व्यवस्थेला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. आपण तिला सोप्या भाषेत 'नोंदवही' म्हणू.

1972 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी अशी एक नोंदवही तयार केली. तिचे नाव एससीसीएस. तिच्यात एक माणूस मजकूर दुरुस्त करत असताना दुसऱ्यासाठी त्याला जणू कुलूप लागत असे. पुढे सीव्हीएस नावाची व्यवस्था आली. तिच्यात अनेकांना एकाच वेळी काम करता येई. पण मुख्य नोंदवही एकाच संगणकावर राही. तो संगणक बंद पडला, तर सर्वांना थांबावे लागे.

मग आपल्या कामासाठी यांतली कोणती व्यवस्था निवडावी? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याची एक खरी हकीकत ऐका.

1991 साली फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' नावाची एक आज्ञावली लिहायला घेतली. त्याने ती जगापुढे खुली ठेवली. कोणीही ती वाचावी, सुधारावी आणि वापरावी! हळूहळू अनेक देशांतील लोक त्या कामात सामील झाले. आपली दुरुस्ती ते पत्राने, म्हणजे ई-मेलने, पाठवत. टोरवाल्ड्स ती वाचत आणि पसंत पडली तर मूळ मजकुरात घालत. सीव्हीएस त्यांना मुळीच आवडत नसे. पण काम वाढले, तशी एका माणसाची ताकद अपुरी पडू लागली. लोकांच्या दुरुस्त्या गर्दीत हरवू लागल्या. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा पाठवावी लागे.

2002 साली टोरवाल्ड्स यांनी 'बिटकीपर' ही व्यवस्था निवडली. ती लॅरी मॅकवॉय यांच्या कंपनीची होती. तिच्यात प्रत्येकाकडे संपूर्ण नोंदवहीची नक्कल असे. त्यामुळे ज्याने त्याने आपल्या जागी काम करावे आणि मग बदल एकत्र करावेत, हे सोपे झाले. खुल्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना कंपनी ही व्यवस्था फुकट देत होती, पण अटींवर. फुकट वापरणाऱ्याने तिच्यासारखी दुसरी व्यवस्था तयार करू नये, अशी एक अट होती. बिटकीपरची स्वतःची आज्ञावलीही बंद होती. रिचर्ड स्टॉलमन आणि इतर काही जणांनी तेव्हाच हरकत घेतली. खुल्या कामाची नोंद बंद कपाटात ठेवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे वेगळे होते. जे साधन सर्वांत चांगले काम करते ते वापरावे, असे त्यांना वाटे. आणि खरोखरच तीन वर्षे काम झपाट्याने चालले.

मग 2005 साल उजाडले. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या नोंदवहीतील माहिती वाचू शकेल अशी एक खुली आज्ञावली लिहायला घेतली. कंपनीला हे अटींच्या विरुद्ध वाटले. आपण बिटकीपर वापरलेलेच नाही, तेव्हा त्या अटी आपल्याला लागू नाहीत, असे ट्रिजेल यांचे उत्तर होते. वाद मिटला नाही. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात फुकट सोय बंद होणार हे ठरले.

विचार करा, कंपनीने मेहनतीने एक वस्तू बनवली होती. ती कोणाला, कोणत्या अटींवर द्यायची हा तिचा हक्क होता. पण ज्यांचे सारे काम त्या वस्तूवर उभे होते, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कपाट उत्तम होते. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हातात होती.

टोरवाल्ड्स यांनी दुसऱ्या व्यवस्था पाहिल्या. त्यांच्या मुख्य गरजा तीन होत्या. व्यवस्था फार वेगवान हवी. प्रत्येकाकडे पूर्ण नोंदवही हवी. आणि नोंदीत कोणी गुपचूप फेरफार केला किंवा ती खराब झाली, तर ते लगेच कळायला हवे. 'मोनोटोन' नावाची एक व्यवस्था त्यांच्या मनासारखी होती, पण ती फार मंद होती. शेवटी त्यांनी स्वतःच लिहायला सुरुवात केली. 3 एप्रिल 2005 रोजी काम सुरू झाले आणि चारच दिवसांनी ती नवी व्यवस्था स्वतःच्याच बदलांची नोंद ठेवू लागली! तिचे नाव 'गिट'. 16 एप्रिलला लिनक्सचा मजकूर गिटमध्ये आला. जुन्या वर्षांचा इतिहास मात्र त्यात उतरवला नाही. नोंदवही नव्या पानापासून सुरू झाली. जुलै महिन्यात गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे आली.

गिटची युक्ती समजायला कठीण नाही. प्रत्येक नोंदीवरून गणिताने 40 अक्षरांचा आणि अंकांचा एक ठसा तयार होतो. आपल्या बोटाचा ठसा असतो ना, तसाच. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा लिहिलेला असतो. त्यामुळे जुन्या पानावरचे एक अक्षर बदलले, तरी पुढचे सगळे ठसे जुळेनासे होतात आणि लबाडी उघडी पडते. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली, तर गिट थांबते आणि कोणती ओळ ठेवायची हे माणसांना विचारते. तो निर्णय माणसांनीच बोलून घ्यायचा असतो.

आज जगभर गिट वापरले जाते. बिटकीपरही 2016 साली खुले करण्यात आले, पण तोपर्यंत लोक दुसरीकडे वळले होते.

तर मग प्रत्येकाने डोळे मिटून गिटच घ्यावे का? नाही. उद्या तुम्ही अशा कामात पडलात, तर आधी काही प्रश्न विचारा. माणसे किती आहेत? ती एका खोलीत बसतात की दूरदूर? मजकूर शब्दांचा आहे की मोठमोठ्या चित्रांचा? खेळ तयार करणाऱ्या संस्थांकडे प्रचंड आकाराची चित्रे असतात. त्यांचा सारा इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर ठेवणे जड जाते. म्हणून त्यांतल्या कित्येक संस्था एका जागी नोंद ठेवणारी व्यवस्था पसंत करतात. नवख्या माणसाला ती व्यवस्था शिकता येईल का, हेही पाहा. गिटच्या आज्ञा सुरुवातीला अनेकांना गोंधळात टाकतात.

आणि शेवटचा प्रश्न कधीही विसरू नका. उद्या ही सोय बंद झाली, तर आपल्या नोंदी आपल्याला बाहेर काढता येतील का?

हा प्रश्न फक्त संगणकाचा नाही. हस्तलिखिताची वही असो, मंडळाचा हिशेब असो की घरातील कागदपत्रे असोत, चांगले कपाट जरूर निवडा. पण निवडण्याआधी त्याची किल्ली कोणाकडे राहणार, हे विचारून घ्या.