टिपणे कोणाच्या घरी ठेवावीत?

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात संशोधन करणाऱ्याची टिपणे एकेकाळी वहीत असत. वही हरवली तर दोष कोणाचा, हे स्पष्ट असे. आता तीच टिपणे मोबाइलमधून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि तेथील नियम कंपनी ठरवते. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत खात्यांवर ५० टिपणे आणि एकच वही अशी मर्यादा घातली. जुनी टिपणे वाचता येत होती, बाहेर काढता येत होती. मर्यादा ओलांडलेल्यांना नवे टिपण मात्र लिहिता येईना. त्याच महिन्यापासून गुगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास सुरुवात केली.

त्यावर उपाय म्हणून अनेकांना स्वतःचा सर्व्हर खुणावतो. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, त्यावर नेक्स्टक्लाउड आणि मोबाइल व लॅपटॉपवर जॉप्लिन, एवढ्यावर काम भागते. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. यंत्राला सरासरी पाच वॅट वीज लागते असे धरले, तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास खर्च येतो. खरी किंमत वेळेची आहे, आणि ती आरंभी कोणी मोजत नाही.

हुबळी-धारवाडला वैशाखातील वळीव विजांच्या कडकडाटासह येतो. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते. म्हणून यूपीएस आणि कार्डाऐवजी एसएसडी हवी. घरगुती ब्रॉडबँडची अडचण निराळी. अनेक सेवादाते कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यामुळे पणजीला आलेल्या माणसाच्या मोबाइलला धारवाडच्या घरातील यंत्र सापडतच नाही. टेलस्केलसारखी खासगी जोडणी हा त्यावरचा सुरक्षित मार्ग आहे. राउटरचे दार इंटरनेटला उघडे ठेवून सॉफ्टवेअर अद्ययावत न करणे म्हणजे चोराला निमंत्रण.

सर्व्हर आणि त्याची प्रत एकाच कपाटात असेल, तर ती प्रत चोरीत वा आगीत उपयोगाची नाही. एक प्रत दुसऱ्या गावी, नातलगाच्या घरी का होईना, असलीच पाहिजे.

एकट्या व्यक्तीसाठी मधला मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. जॉप्लिन टिपणांची प्रत प्रत्येक उपकरणावर ठेवते आणि सांकेतिकरण चालू केल्यास ड्रॉपबॉक्स वा वनड्राइव्हवर कुलूपबंद मजकूरच पोहोचतो. कंपनीने उद्या नियम बदलले, तरी टिपणे हातातच राहतात. मात्र संकेतशब्द विसरला आणि उपकरणेही गेली, तर ते कुलूप कोणालाच उघडता येणार नाही; तो कागदावर लिहून घरातल्या दस्तऐवजांसोबत ठेवावा. वकिलाचे कार्यालय किंवा संशोधकांचा गट यांची गोष्ट वेगळी: दर महिन्याला तासभर देणारा जाणकार असेल, तर त्यांनी सर्व्हर जरूर उभारावा.

निर्णय काहीही झाला तरी आधी एक चाचणी करावी: सध्याची सर्व टिपणे बाहेर काढून, इंटरनेट बंद करून, ती दुसऱ्या संगणकावर उघडतात का ते पाहावे. चित्रे आणि जोडलेल्या फायली बहुधा इथेच गळतात.