लाल मणी सरकला की

पावसाळा लागला की घरोघरी एखादं पोर खोकत असतं. खोकणाऱ्या शंभर पोरांतली बहुतेक आपोआप बरी होतात. एखाद्याला मात्र न्यूमोनिया होतो, फुफ्फुसात पू-पाणी साठू लागतं, आणि ते पोर दोन-चार दिवसांत हातचं जातं. ते एक पोर कसं ओळखायचं? गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात श्वसनमार्गाच्या आजारांनी जगात दरवर्षी सुमारे ४० लाख बालकं दगावत होती. त्यातली बहुतेक अशा गावांतली, जिथे हा प्रश्न विचारावा असा डॉक्टरच नव्हता.

डॉक्टरांकडे उत्तर होतं, पण ते कानाचं होतं. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला आणि वैद्यकशास्त्र छातीतला बारीक चरचराट ऐकून न्यूमोनिया शोधू लागलं. त्यासाठी तयार कान हवा, वर एक्स-रे हवा. रडून आकांत करणाऱ्या तान्ह्या बाळाच्या छातीतून तो आवाज टिपणं मुरलेल्या डॉक्टरलाही जड जातं.

उत्तर बदललं ते पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोकाच्या रुग्णालयात. फ्रँक शान हे ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ तिथे काम करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या मुलांच्या थेट फुफ्फुसातून सुईने नमुने घेतले. निम्म्याहून अधिक मुलांत जिवाणू सापडले, मुख्यतः न्यूमोकोकस आणि हिमोफिलस. म्हणजे साधं प्रतिजैविक वेळेत पोटात गेलं तर यातली पुष्कळ पोरं वाचतील. पण द्यायचं कोणाला? शान यांनी कान बाजूला ठेवला आणि डोळा लावला. खोकणारं मूल मिनिटाला ५० पेक्षा जास्त श्वास घेत असेल तर औषध द्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर दाखल करा. १९८४ साली हे निकष छापून आले.

यामागचं कारण सरळ आहे. सुजलेलं फुफ्फुस ताठर होतं, नीट फुगत नाही. खोल श्वास घेता येत नाही, म्हणून बाळ उथळ श्वास भराभर घेतं. ही धाप नुसत्या डोळ्यांना दिसते. विदर्भातल्या आया तिला फार पूर्वीपासून ओळखत होत्या. ‘लहाक लागली’, ‘डब्बा झाला’ हे त्यांचेच शब्द. रोग त्यांना दिसत होता. हातात औषध नव्हतं, एवढंच. १९८८ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी वयाचा हिशेबही पक्का केला: वर्षाच्या आत मिनिटाला ५० श्वास, त्यापुढे ४०.

आता खरी कसोटी होती. हे ज्ञान डॉक्टरच्या हातून सुटून गावात उतरेल का?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ते गडचिरोलीत उतरवलं. १९८८ मध्ये त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने १०२ गावांत प्रयोग सुरू केला. ५८ गावांत आरोग्यसेवक, गावातले कार्यकर्ते आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवलं. उरलेली ४४ गावं तुलनेसाठी. सुइणीच्या हाती प्रतिजैविक देणं हे त्या काळात वैद्यकाच्या शिस्तीला धरून नव्हतं. मला ते धाडस वाटतं, आणि योग्य धाडस वाटतं.

१९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. गावातल्या या शिकवलेल्या लोकांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण शेकडा ०.८, तुलनेच्या गावांत शेकडा १३.५. पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५ होते, प्रयोगाच्या गावांत ८.१.

तरी एक गाठ सुटायची होती. निरक्षर सुईण ५० पर्यंत मोजणार कशी? आणि मिनिट कुठून आणणार? तिच्यासाठी बंग दांपत्याने श्वास मोजायचं साधन घडवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, शेजारी तारेत ओवलेले मणी. वाळू उलटायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंतचे आकडे तिला येतात, तेवढ्यावर निदान होतं. या शोधकथेतला सगळ्यात मोठा क्षण मला हाच वाटतो.

आज कोट्रायमोक्साझोलची जागा अमोक्सिसिलिनने घेतली आहे, न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. मोजणी मात्र तीच राहिली.

म्हणून घरातलं मूल खोकत असेल तर ते शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, झबलं वर करा आणि पूर्ण मिनिटभर पोटाची वरखाली मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा तिथे पोचला तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा डॉक्टरांना गाठा. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, छाती आत ओढली जात असेल, पिणं सुटलं असेल, झटके येत असतील किंवा मूल मलूल पडलं असेल, तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.