हरेगाव, 1939 आणि 2023

हरेगाव म्हटलं की तुम्हाला मतमाउलीची यात्रा आठवेल. श्रीरामपूर तालुक्यातल्या याच गावात डिसेंबर 1939 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वतनदार परिषद भरली होती. विषय होता महार वतन. म्हणजे काय? थोडी इनाम जमीन, आणि तिच्या बदल्यात घरातल्या कुणीही, रात्री-अपरात्री, सरकारचं आणि गावाचं काम करायचं. मोबदला नावापुरता! पुढे राज्यघटनेच्या कलम 23 ने वेठबिगारीवर बंदी घातली. ती फक्त सरकारला नाही, शेतमालकाला आणि मुकादमालाही लागू आहे. 1982 च्या एशियाड निकालात तर सुप्रीम कोर्टाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा वेठबिगारीच ठरवली.

त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चौघा पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं गेलं. चोरी झाली की नाही, हा मुद्दाच नाही. शिक्षा कोर्ट देतं, आणि अशी शिक्षा कोर्टालाही देता येत नाही. 'अमानुष शिक्षा' हे शब्द घटनेत शोधाल तर सापडणार नाहीत. छळापासून संरक्षण कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच येतं, हे सुप्रीम कोर्टाने 1981 मध्ये सांगितलं. हरेगावच्या आरोपींवर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा दाखल झाला.