शेवटाचा निकष आधी लिहा

प्राण्यांवर प्रयोग करणार असाल, तर ‘ह्युमेन एंडपॉइंट’ सुरुवातीलाच ठरवावा लागतो: कोणती लक्षणं दिसली की त्या जिवाला आणखी त्रास न देता थांबायचं. नंतर ठरवू म्हटलं, तर तोवर आपला जीव डेटात अडकलेला असतो.

घरच्या म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याबाबत तर जीव त्याच्यातच अडकलेला. अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या प्रत्येकाला ० ते १० गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहणं ठीक.

पण ३५ हा काही निसर्गनियम नाही. श्वास घेताना तडफड होत असेल, तर बाकीच्या गुणांची बेरीज काय कामाची? (श्वास वेदनेतच धरलाय, आणि ते पहिलं बघायचं.) शिवाय मोजणारे आपणच. आमच्या चौदा वर्षांच्या मोतीला ‘आनंदा’त आई ८ देते, मी ४. म्हणून आता दोघी रोज वेगवेगळ्या वहीत लिहितो, एकमेकींचं न बघता. सलग आठवडाभर दोन्ही वह्यांत ३५ च्या खाली गेलं की डॉक्टरांशी ‘ते’ बोलायचं. हे आत्ताच लिहून ठेवलंय, तो अजून पोळीचा तुकडा मागतोय तोवर.